घसारा मागण्याआधी भाडं कागदावर येऊ द्या

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमधल्या कितीतरी घरांची फेरमांडणी सुरू होते. हॉलमध्ये प्लायवूडची भिंत उभी राहते, बाल्कनी बंद करून तिथं बाथरूम काढलं जातं, म्हातारी माणसं खालच्या खोलीत येतात आणि फाटकावर ‘फक्त मुलींसाठी रूम मिळेल’ अशी पाटी लागते. नीट आणि जेईईच्या तयारीला बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवकडून मुलं येतात, तालुक्याच्या गावांतून येतात. लातूरच्या ट्युशन एरियात तर राहत्या घराचा एक मजला मुलांना देणं ही निवृत्त माणसाची दुसरी पेन्शनच झाली आहे. छत्रपती संभाजीनगरात हेच वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी चालतं. या व्यवहारातला बराचसा भाग रोखीचा आणि तोंडी असतो. पावती नाही, करार नाही, रिटर्नमध्ये उल्लेख नाही.

याच घरमालकांकडून अलीकडे एक मागणी वारंवार ऐकू येते. भाड्याच्या घराला घसारा, म्हणजे घराच्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून दरवर्षीची वजावट, मिळाला पाहिजे. भिंती झिजतात, स्लॅब गळतो, मग कारखान्याच्या यंत्राला घसारा आणि आमच्या घराला का नाही? मागणीमागे बहुतेक वेळा अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा भाचा किंवा पुतण्या असतो. त्यानं तिथलं राहतं घर भाड्यानं दिलं आणि तिथल्या कायद्यानं त्याला दरवर्षी घसाऱ्याची वजावट मिळाली, ही गोष्ट घरातल्या ग्रुपवर फिरते आणि मग आपला कायदा अन्यायी वाटू लागतो.

या मागणीला माझा विरोध आहे. मराठवाड्यातल्या लहान घरमालकाला घसारा मिळून फायदा होणार नाही, उलट त्याच्या हातात आज जे आहे ते जाईल. आणि त्याची खरी अडचण आयकरात नाहीच. ती दुसरीकडे आहे, तिथं मात्र कुणी आवाज उठवत नाही.

आधी त्या भाच्याचा हिशेब पूर्ण पाहू. अमेरिकेत राहतं घर भाड्यानं दिलं की त्या दिवसापासून बांधकामाच्या किमतीवर २७.५ वर्षांत समान हप्त्यांनी घसारा मिळतो. जमिनीवर नाही, फक्त बांधकामावर. किंमत धरायची ती घराला पडलेली मूळ किंमत किंवा भाड्यानं देतानाची बाजारकिंमत, यांत जी कमी ती. त्याशिवाय दुरुस्ती, विमा, स्थानिक कर, कर्जाचं व्याज हे प्रत्यक्ष खर्चही वजा होतात. इथपर्यंतची गोष्ट ग्रुपवर येते. पुढची येत नाही. घर विकताना तो सगळा घसारा मूळ किमतीतून वजा होतो, नफा तेवढा फुगतो आणि घसाऱ्याइतक्या नफ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागतो. त्यातही कडक भाग असा की घसारा तुम्ही घेतलाच नाही तरी तो घेतला असं धरूनच विक्रीचा हिशेब होतो. म्हणजे तिथली सवलत ही बरीचशी उधारी आहे. दरवर्षी प्रत्येक खर्चाचं बिल जपायचं, जमीन आणि बांधकाम यांची किंमत वेगळी करायची, तक्ता ठेवायचा आणि शेवटी विक्रीच्या वर्षी सगळं उलगडून दाखवायचं.

आपल्याकडे काय आहे? घरभाड्यातून पालिकेला भरलेली घरपट्टी वजा करायची आणि उरलेल्या रकमेतून सरळ ३० टक्के काढून टाकायचे. बिल मागत नाहीत. दुरुस्ती केली की नाही हेही विचारत नाहीत. २००१ च्या अर्थसंकल्पाआधी दुरुस्ती आणि वसुलीसाठी एक चतुर्थांश, विम्याच्या हप्त्याची वेगळी वजावट, जमीनभाड्याची वेगळी, असे तुकडे होते. ते काढून एकच ठोक आकडा आला. नव्या, २०२५ च्या आयकर कायद्यानंही तो तसाच ठेवला आहे. त्यावर कर्जाचं व्याज वेगळं. ही ३० टक्के वजावट विक्रीच्या वेळी परत मागितली जात नाही. पंधरा वर्षं ती घेतली तरी घराची मूळ किंमत एक रुपयानं कमी होत नाही.

झीज खोटी आहे असं मी म्हणत नाही. मराठवाड्याइतकी घराची झीज क्वचितच कुठे होत असेल. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, जोतं हलतं, भिंतीला तिरक्या भेगा पडतात. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ, गिझर, पाइप खाऊन टाकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांचा दगडमातीच्या आणि माळवदाच्या घरांवरचा विश्वास उडाला आणि ज्याला जमेल त्यानं स्लॅब टाकला. ती घरं आता तिशी ओलांडून गेली आहेत. छतातल्या सळया गंजल्यात, गच्ची दर पावसाळ्यात गळते. मुलं पुण्याला गेली, घर मोठं पडलं, म्हणून भाड्यानं दिली जाणारी घरं नेमकी हीच आहेत. पाण्याचा खर्च तर वेगळाच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात पोरं ठेवणाऱ्या घरमालकांनी टँकरवर काय घालवलं असेल याची कल्पना कुणालाही करता येईल.

पण टँकरवाला बिल देतो का? गवंडी देतो का? बोअरची मोटार वर काढणारा देतो का? प्रत्यक्ष खर्च दाखवा आणि वजावट घ्या, असा नियम आला तर आपल्या भागातला प्रामाणिक घरमालक पहिल्याच वर्षी हरेल. बिलं नसल्यामुळे खरा खर्च केलेला माणूस कोरडा राहील आणि ज्याच्या घरी हिशेब ठेवायला माणूस आहे तो सगळं घेईल. ठोक ३० टक्के हा आकडा दुष्काळी वर्षात अपुरा पडतो हे मला मान्य आहे. तरी बिनपावतीच्या अर्थव्यवस्थेत राहणाऱ्या माणसाला त्याच्याइतकी न्याय्य दुसरी तरतूद मला दिसत नाही.

आता आकड्यांत बोलू. समजा, निवृत्त शिक्षकाला महिना ४५,००० रुपये पेन्शन आहे. वरचा मजला मुलांना दिला, महिन्याचं भाडं २५,०००. मे महिन्यात परीक्षा संपली की खोल्या रिकाम्या होतात, नवी मुलं येईपर्यंत दोन महिने जातात. रिकाम्या काळाचं भाडं कायदा धरायला लावत नाही, म्हणून दहा महिन्यांचे अडीच लाख. त्या मजल्याच्या वाट्याची घरपट्टी १०,००० भरली, उरले २ लाख ४० हजार. त्यातून ३० टक्के, म्हणजे ७२,००० गेले. उत्पन्नात धरायचे १ लाख ६८ हजार. पेन्शन वर्षाची ५ लाख ४० हजार, त्यातून नव्या करप्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ४ लाख ६५ हजार. बेरीज ६ लाख ३३ हजार. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. कर्ज काढलेलं असेल तर व्याज अजून वजा व्हायचंच आहे.

या गुरुजींना कराच्या रेषेपर्यंत पोचायला घरपट्टी जाता वर्षाला साडेदहा लाख रुपये भाडं यावं लागेल. लातूरच्या एका मजल्यातून ते येत नाही. मग ते लपवतात काय? आणि अशा माणसाला घसारा देऊन मिळणार काय? तीस लाखांच्या बांधकामाला अमेरिकेच्या हिशेबानं वर्षाला सुमारे १ लाख ९ हजारांचा घसारा बसेल. ज्याचा करच शून्य आहे त्याला त्या १ लाख ९ हजारांची किंमतही शून्य. पुढे मुलानं घर विकायचं ठरवलं तर मात्र साठलेला घसारा नफ्यात येऊन बसेल आणि त्या एका मोठ्या वर्षात कर भरावा लागेल. घसारा खरोखर उपयोगी पडेल तो ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या, चार-पाच फ्लॅट घेऊन ठेवलेल्या माणसाला. त्याच्यासाठी गुरुजींनी घोषणा का द्याव्यात?

ज्याला घसारा हवाच आहे त्याच्यासाठी कायद्यात वाट आहे. नुसत्या खोल्या दिल्या तर ते घरभाडंच. राहत्या घराचं भाडं व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवण्याची पळवाट २०२४ च्या दुरुस्तीनं बंद केली. पण खाट, गादी, जेवण, साफसफाई, देखरेख असं वसतिगृह खरोखर चालवत असाल तर तो धंदा ठरू शकतो. मग प्रत्यक्ष खर्च आणि घसारा दोन्ही आले, आणि धंद्याचे बाकीचे सोपस्कारही आले.

तर मग भाडं लपतं कशामुळे? माझ्या अनुभवात लोकांना आयकर खात्याची जेवढी धास्ती वाटते त्याहून जास्त दोन गोष्टींची वाटते. एक घरपट्टी, दुसरी भाडेकरू.

भाडेकरूची धास्ती जुनी आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, त्यामुळे इथं घरभाड्याला मुंबईचा कायदा नव्हता. १९५४ चा हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा इथं ३१ मार्च २००० पर्यंत चालला, त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा राज्यभर एकसारखा लागू झाला. जुन्या काळात कुळासारखा चिकटलेला भाडेकरू आणि वीस-वीस वर्षं चाललेली दिवाणी दावे-प्रकरणं लोकांनी पाहिली आहेत. म्हणून ‘लिहून दिलं की तो मालक होतो’ ही समजूत अजून पक्की आहे. आजचा कायदा नेमका उलटा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केला आहे, म्हणून सुटका नाही. नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे जो कागद टाळतो तोच स्वतःची बाजू कमजोर करतो.

घरपट्टीची धास्ती मात्र मला अगदी खरी वाटते, आणि इथं मी घरमालकांच्या बाजूनं आहे. भाडेमूल्यावर आकारणी होते तिथं पालिका कायदा वार्षिक भाड्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्यासाठी मिळून फक्त दहा टक्के वजा करतो. तीच भिंत, तीच गळकी गच्ची. आयकर कायदा म्हणतो तिच्या देखभालीला तीस टक्के लागतात, महापालिका कायदा म्हणतो दहा. भाडेकरू आहे असं नोंदवलं की घरपट्टी चढते, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यात घरगुती वीजमीटर व्यापारी दरात जाईल ही भीती. ज्या माणसाला आयकर शून्य आहे तो या दोन भीतींपोटी आयकरातही भाडं दाखवत नाही, कारण एका कागदावर आलं की दुसऱ्या कागदावर जाईल असं त्याला वाटतं.

म्हणून घसाऱ्याची निवेदनं दिल्लीला पाठवण्याऐवजी लातूर, नांदेड, परभणी, जालना आणि संभाजीनगरच्या महापालिकांकडे, आणि कायदा बदलायचा म्हणून राज्य सरकारकडे, मागणी गेली पाहिजे. मालक स्वतः राहतो त्याच इमारतीतला एखादा मजला विद्यार्थ्यांना दिला असेल तर त्याला राहत्या घराचाच दर लावा. दहा टक्क्यांची ती जुनी वजावट वाढवा, निदान आयकराइतकी करा. मागची थकबाकी आणि दंड न लावता एकदा भाडं नोंदवायची मुदत द्या. पालिकेचं यात नुकसान होईल असं मला वाटत नाही, कारण आज नोंदच नसल्यामुळे तिला यातलं फारसं काही मिळत नाही. एक गोष्ट मालकांनीही लक्षात घ्यावी: आयकराच्या हिशेबात घरपट्टी भाड्यातून वजा होते ती ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्या वर्षी. मागची थकबाकी भरली तर तीही त्याच वर्षी वजा होते. थकवून ठेवलेली वजा होत नाही.

आयकर कायद्यात दोष नाहीत असं नाही. राहतं घर भाड्याचं होतं त्या पहिल्या वर्षीच एक मोठा अन्याय होतो, आणि घसाऱ्याच्या गोंगाटात त्याबद्दल कुणी बोलत नाही. घर वर्षातला थोडा काळ जरी भाड्यानं दिलं तर ‘स्वतः राहतो’ ही सवलत त्या पूर्ण वर्षापुरती जाते. मग बारा महिन्यांचं वाजवी भाडं आणि प्रत्यक्ष मिळालेलं भाडं यांत जे जास्त ते उत्पन्न धरलं जातं. समजा सप्टेंबरअखेर तुम्ही स्वतः त्या घरात राहिलात, ऑक्टोबरपासून महिना १५,००० नं दिलं. हातात आले ९०,०००. हिशेबात येतात १ लाख ८० हजार. तुम्ही स्वतःच्या घरात झोपलात त्या सहा महिन्यांच्याही भाड्यावर तुम्ही उत्तर द्यायचं. घर रिकामं होतं म्हणून मिळणारी सूटही इथं लागत नाही, कारण ते रिकामं नव्हतं, तुम्ही त्यात होता. हे बदलायला एका ओळीची दुरुस्ती पुरेल: घर जितके महिने भाड्यानं दिलं तितक्याच महिन्यांचा हिशेब करा. तोवर ज्याला जमेल त्यानं घर १ एप्रिलच्या जवळपास द्यावं, किंवा एकच मजला स्वतंत्र करून द्यावा म्हणजे हिशेब त्या मजल्यापुरता राहतो.

दुसरा दोष व्याजाचा. खोल्या काढायला कर्ज घेतलं आणि व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर जुन्या प्रणालीत तो तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगार-पेन्शनमधून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो घरभाड्याच्या चौकटीबाहेर काढताच येत नाही. मोठमोठी कर्जं दाखवून कर बुडवणाऱ्यांना आवर घालायला दोन लाखांची मर्यादा रास्त होती. तीच मर्यादा नव्या प्रणालीतही ठेवायला हवी होती. भाडं करपात्र आणि ते मिळवण्यासाठी भरलेलं व्याज अर्धवट, हा हिशेब बरोबर नाही.

बांधकामाच्या बिलांबद्दल एक सांगायलाच हवं. ३० टक्क्यांसाठी बिलं लागत नाहीत म्हणून लोक सगळीच फेकून देतात. नवं बाथरूम, नवा जिना, बोअर, वाढवलेली खोली हा भांडवली खर्च आहे. घर विकताना तो किमतीत मिळवता येतो आणि नफा कमी होतो, पण पुरावा असेल तरच. रंगरंगोटीची पावती गेली तर गेली; बोअरची आणि सिमेंट-लोखंडाची जपा. शक्य तिथे चेकनं किंवा यूपीआयनं पैसे द्या.

हे सगळं मी घरमालकांशी बोललो, कारण रिटर्न ते भरतात. पण लपवलेल्या भाड्याची किंमत ते मोजत नाहीत. ती हदगाव किंवा अंबडच्या शेतकऱ्याची सतरा वर्षांची मुलगी मोजते. वर्षाचं भाडं आगाऊ, वर डिपॉझिट, हातात कागदाचा कपटाही नाही. मध्येच खोली सोडावी लागली तर डिपॉझिट परत मागायला पुरावा नाही. बँकेत खातं उघडायचं तर पत्त्याचा कागद नाही. आठ बाय दहाच्या खोलीत तिघी राहतात, एकच जिना, खिडकीला पक्की जाळी, आणि घर भाड्याचं आहे हेच कुठे नोंदलेलं नसल्यामुळे आग लागली तर बाहेर कसं पडायचं हे पाहायला कुणी येत नाही. बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याला घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी पावती आणि वर्षाला लाखाच्या वर भाडं असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो मागितला की भाडं वाढवून सांगितलं जातं किंवा दुसरं घर बघा म्हणतात.

निवृत्त गुरुजींनी आपल्याच शिष्यांच्या वयाच्या मुलांशी असा व्यवहार करावा, आणि तोही असा कर वाचवण्यासाठी जो त्यांना लागतच नाही, हे मला खटकतं, आणि म्हणूनच हा लेख आहे. येत्या जूनमध्ये मुलाला खोली बघायला आलेल्या पालकांनी तीन गोष्टी मागाव्यात: नोंदणीकृत करार, डिपॉझिटची पावती आणि भाडं घ्यायला मालकाचं बँक खातं. कराराचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात एकूण रकमेच्या पाव टक्का आहे आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. मालकानं ‘मला टॅक्स लागेल’ असं सांगितलं तर वरचा पेन्शनचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा, आणि त्याच्या पेन्शनचा आकडा त्यात त्यालाच भरायला सांगावा.